हाकेला आलेले

शुक्रवार, ७ ऑक्टोबर २०२२. मुऐदर, कतार.

हजरा, तू चुलीवर दूध ठेवून शेजारणीकडे जाऊन बसतेस आणि वास आला की तिलाच विचारतेस, तुझं काय करपलं गं? अशा धाकट्या बहिणीला तोंडी सांगण्यात अर्थ नाही. म्हणून तारीख घालून लिहवून घेतेय. लिहिलं की पानाचा फोटो तुझ्या फोनवर येईल. तू चौथी शिकलीस, मी बकऱ्या राखल्या, तेव्हा वाचायचं काम तुझं. अक्षर माझ्या सुनेचं. हनिया गावच्या शाळेत मास्तरीण होती ना, ती माझ्या चुका सुधारते आणि शिव्या गाळते.

आज रियाजने त्याचं काम दाखवलं. तुझा भाचा लोकांना होडीतून नेतो, गळाला कणकेची गोळी लावून देतो, चिलापी कुठे बसते ते दाखवतो. लोक मासा धरतात, फोटो काढतात आणि परत सोडतात. मी विचारलं, डोकं फिरलंय ते माशाचं की माणसाचं?

तळं मात्र मोठं आहे. गाडी वाळवंटातून किती तरी वेळ पळाली आणि एकदम पाणी, पलीकडचा काठ दिसेना. मी बोट बुडवून चाखलं. गोडं. रियाज ओरडला, अम्मी, ते पिऊ नकोस. इमारती आणि मेट्रो खणताना खड्ड्यांत पाणी भरायचं, ते वर्षानुवर्षं टँकरने इथे ओतलं. पुढे साफ केलं, मासे सोडले. आता विश्वचषकाला जग येणार म्हणून मालकाने नवी होडी घेतलीय.

होडी काठाला लागली आणि माझ्या तोंडून खाडीवरची हाक गेलीच, सगळे या रे, भात वाढलाय. रियाजने होडीतून ओ दिली, आलो गं. घरी येऊन आईच्या, आता तुझ्या, शेतातल्या लाल तांदळाचा भात केला. पुरचुंडी संपली. पोरगा ताट चाटून उठला.

सोमवार, १० ऑक्टोबर

सकाळी दारात ओल. हनिया म्हणते एसीचं पाणी. एसीच्या पाण्याला पायाची बोटं असतात, हे मला नवीनच.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

आज होडीत रियाज आणि दोनच पाहुणे, तरी ती काठोकाठ बुडालेली. रियाजने गळती शोधली. गळती नाही.

मला दिसले. भर दुपारी, होडीच्या कडेने दाटीवाटीने बसलेले. पिवळी जाकिटं, मांडीवर हेल्मेट, अंग निथळतंय. सगळी पोरसवदा. आपली पोरं भाताच्या टोपाकडे बघत, तशी माझ्याकडे बघत होती. रियाजने मागे वळून पाहिलं. त्याला कोणी दिसलं नाही.

शनिवार, १५ ऑक्टोबर

तुला आठवत असेल. आई बजावायची, पाण्यावरच्या माणसाला नाव घेऊन हाक मारावी. नुसतं सगळे म्हटलं तर पाणी सगळेच देतं. जिवंत माणूस ओ देतो. पाण्यातला ओ देत नाही, नुसता येतो.

आपल्या खाडीत होडीतली माणसं आपलीच असायची, सगळे म्हटलं तरी निभायचं. इथलं पाणी खड्ड्याखड्ड्यांतून आलेलं, त्याच्याबरोबर तिथे कामावर मेलेली पोरंही आली असतील. मी कोणाकोणाला बोलावलं, कोण जाणे. विसराळू मी तुला म्हणते, हजरा.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

ते घरात आहेत. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बसतात, हात धुतलेले. दुकानातल्या तांदळाचा भात केला. ताटं रिकामी झाली, ते उठले नाहीत. आई सांगायची तसंच आहे, हाक ज्या घराची, भात त्याच घरच्या शेतातला लागतो. मग आपापल्या घरी जा म्हटलं की जातात.

एकाला मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. विचारलं, बाळा, गाव कुठलं? त्याने तोंड उघडलं आणि पाणी आलं. पदराने हनुवटी पुसली. याचीही आई कुठे तरी ताट झाकून बसली असेल.

हनियाला फक्त रिकामी ताटं दिसतात आणि ओली भिंत. ती आता एसीचं नाव काढत नाही.

तुझ्या शेजारचा नसरुद्दीन पुढच्या आठवड्यात इकडे येतोय. त्याच्या हाती लाल तांदूळ दे. लुगड्याला गाठ मार, पण दे.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

रियाजला म्हटलं, जाऊ नकोस. तो हसला. म्हणाला, अम्मी, तुझ्या पाहुण्यांना लाइफ जॅकेट देऊ का? इथल्यासारखं यल्ला, म्हणजे चला, म्हणत गेला.

परत आला तेव्हा होडीत घोटाभर पाणी. आता कळलं मला. त्यांना दुसरी होडी माहीतच नाही. त्यांना वाटतं, हीच घरी जाते. म्हणून रोज बसतात. रोज जास्त बसतात.

बुधवार, २६ ऑक्टोबर

नसरुद्दीन आला. तुझं लोणचं पोचलं. तांदूळ — तू विसरलीस.

आधी हसले. मग हनियाने मला धरलं.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

मालकाचे मोठे पाहुणे होते. दार अडवून बसले होते मी. रियाजने मला उचलून बाजूला ठेवलं, लहान पोरीसारखं. म्हणाला, संध्याकाळी लवकर येतो, इन्शाल्ला.

दुपारी फोन. होडी उलटली. पाहुणे पोहत काठाला आले. रियाजने आपलं जॅकेट त्यांच्यातल्या एकाला —

हनिया आणि मी तळ्यावर गेलो. माणसं शोधत होती. हनिया म्हणाली, अम्मी, तुम्ही हाक मारा. नाव घेऊन मारली. एकाचंच नाव. घसा बसेपर्यंत.

ओ आली नाही.

शनिवार, २९ ऑक्टोबर

अजून शोधतायत.

भिंतीजवळचे सगळे उठून उभे राहिलेत. दाराकडे बघतायत. कोणाला तरी जागा करून देतात, तसे सरकलेत.

दाराखालून पाणी —

त्याचीच थाप. लहानपणापासून तशीच, दोनदा आणि मग नखाने.

मी आतून म्हटलं, रियाज? पुन्हा म्हटलं. ओ दे रे, बाळा. नुसतं ठिबकतंय.

हनिया, बस. उघडू, उघडू. आधी एवढं लिही.

हजरा, लाल तांदूळ पाठव. या पोरांपुरता. त्यांना जेवू घालीन, घरी धाडीन. रियाजपुरता मात्र पाठवू नकोस. एक दाणाही नको. भात खाल्ला तर त्याला जा म्हणावं लागेल. त्याला सुका जवळा पाठव, भाजून, लसूण घालून, नुसता जव—