चेन मीच बसवणार

१ जून, सोमवार
आजपासून गाडीचं काम हाती घेतलं. म्हणजे ठरवलं.

कारण असं, की पंधरा तारखेला ही जाणार. मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळाली, पण शाळा चार तासांवर. तिथे खोली घेऊन राहायचं, शनिवारी घरी यायचं. बढती हिची, स्वयंपाक माझा.

जेवताना जाहीर केलं, की बस स्टँडवर मी सोडणार. माझ्या मोटरसायकलवर. लग्न झाल्यावर हिला ह्याच गाडीवरून घरी आणली होती. आणायला चालली, तर पोचवायला का चालू नये? ही बघू म्हणाली. हिचं बघू मी ओळखून आहे. बघू म्हणून हिने आजवर काहीही बघितलेलं नाही.

चेन ढिली आहे, हे मान्य. स्पीडब्रेकरवर खळखळते. वॉचमन वर न बघताच फाटक उघडतो.

३ जून, बुधवार
कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. फक्त मत घ्यायला. त्याने चेन बोटाने उचलून दाखवली, मागच्या चक्राचे झिजलेले दाते दाखवले, आणि म्हणाला, चेन आणि दोन्ही चक्रं, पूर्ण सेट बदला. मग ज्या फडक्याने हात पुसले त्याच फडक्याने कप पुसून मला चहा दिला. शिसारी आली. प्यायलो, नाही म्हणणं बरं दिसत नाही.

सेट म्हणे! ह्यांच्याकडे खिळा मागितला तर कपाट गळ्यात मारतील. मी बावीस वर्षं कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आहे. माझ्या हातून जेवढे नटबोल्ट गेलेत तेवढे ह्याने स्वप्नातही पाहिले नसतील. आणि हा मला शिकवणार.

रविवारी सगळं स्वतः करायचं. ठरलं.

७ जून, रविवार, सकाळ
चेनचं कव्हर काढलं. शी! काळं ग्रीस, त्यात वाळू, केस, झाडूच्या काड्या आणि एक झुरळ. तेही जुनं. इतकी वर्षं हा सगळा संसार पायाशी घेऊन मी ऑफिसला जात होतो.

दुपार
मागच्या एक्सलचा नट हलत नाही. पान्याला पाईप लावला. पाईप वाकला. तळमजल्यावरचे रिटायर्ड ऑडिटर खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांना जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय. नट उलट्या दिशेला तर फिरवत नाही ना, असं विचारलं. ह्यांना काय कळतंय! केवळ त्यांचं समाधान व्हावं म्हणून दुसरीकडे फिरवून दाखवला. सुटला. माझ्या जोरानेच तो आधी सैल झाला असणार.

संध्याकाळ
नट निघाला तर एक्सल बाहेर येईना. हातोडीने ठोकला. आला, पण टोक छत्रीसारखं पसरलंय. कानशीने घासू. चेन रॉकेलमध्ये भिजत घातली. बादली मिळाली नाही, म्हणून भाजी धुवायचं पातेलं घेतलं. ही रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. फक्त ते पातेलं बांधायच्या सामानातून काढलं आणि म्हणाली, हे आता तुमच्याकडेच राहू दे.

८ जून, सोमवार
नखांतलं ग्रीस निघत नाही. साबण, लिंबू, राख, सगळं झालं. डब्यातला पहिला घास हातात घेतला आणि तसाच ठेवला. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, की बोटांना काही झालंय का, डॉक्टरला दाखवलं का. लोकांना कष्टाची किंमतच नाही.

१० जून, बुधवार
डोकं चाललं! चेन ढिली म्हणजे काय, तर चेन लांब झाली. लांब झाली म्हणजे एक कडी जास्त आहे. काढून टाकली, घासलेला एक्सल नुसता आत सरकवून चाक लावलं आणि चेन चढवली. चेन ताठ. आणि तो लुटारू ह्यासाठी अख्खा सेट विकायला निघाला होता.

चेनची दोन टोकं जोडणारी कडी वेगळी असते. तिच्यावर पत्र्याची छोटी क्लिप बसते, दिसायला माशासारखी. एकीकडे बंद तोंड, दुसरीकडे फाटलेली शेपटी. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय, की चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला तोंड करा. ह्यात लिहिण्यासारखं काय आहे? गाडी पुढे जाते, म्हणजे तोंड पुढे. फरशीवर आडवा पडलो, चेनच्या खालच्या बाजूला क्लिप बसवली, तोंड थेट हेडलाइटकडे. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक मेकॅनिकचे पाय धरतात!

१२ जून, शुक्रवार
एक्सलचा नट आवळायला घेतला. चाक सरळ राहावं म्हणून दोन्ही बाजूंना खुणा असतात. डावीकडे चौथी खूण येते, उजवीकडे सहावी. कंपनीने खुणा चुकीच्या मारल्यात. नजरेने सरळ केलं. माझी नजर सरळ आहे.

चाचणी घेतली. गाडी डावीकडे ओढते. रस्त्याला डावीकडे उतार आहे. परत येतानाही डावीकडेच ओढत होती. म्हणजे रस्त्याला दोन्हीकडून उतार आहे. टॅक्स भरून हे असे रस्ते.

फाटकाशी उभा असतो तो रिक्षावाला मागच्या चाकाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. दिवसभर हॉर्न वाजवायचा आणि लोकांच्या गाड्यांत नाक खुपसायचं, एवढाच उद्योग. लक्ष दिलं नाही.

१४ जून, रविवार
हिचं सामान बांधून झालं. ती मोठी बॅग गाडीवर कशी बांधायची ह्याचा विचार मी करत होतो, तेवढ्यात हिने ती वॉचमनकडे नेऊन ठेवली. म्हणाली, ती येईल मागून, तुम्ही काळजी करू नका. कशी येईल ते सांगितलं नाही. मग फाटकाशी त्या रिक्षावाल्याशी बराच वेळ बोलत होती. निरोप घेत असणार. बायका जाताना कुणाचाही निरोप घेतात.

कपाटातली हिची बाजू उगाचच उघडून पाहिली. नुसते हँगर. दार लावताना बिजागरी करकरली. तेल घालायला हवं. बघू.

हिने जाऊ नये असं मला वाटतं. इथे लिहून ठेवतो, तोंडाने बोलणार नाही. बोलून ती थांबणार नाही, आणि थांबली तर त्याहून वाईट.

उद्या निदान स्टँडपर्यंत तरी माझ्याबरोबर असेल. तेवढं मी नीट करणार.

१५ जून, सोमवार, सकाळ
गाडी पुसली. पहिल्या किकमध्ये चालू. ऑडिटर गॅलरीत आहेत, बघू देत. निघतो.

दुपार. घरी. रजा टाकली.
सगळ्या जगाचा वीट आलाय. तरी क्रमाने लिहितो.

ही मागे बसली आणि खांद्यावर हात ठेवला. किती वर्षांनी! मी मुद्दामच हळू चालवत होतो. मागे एक रिक्षा लागली. हाताने खुणावलं, जा बाबा पुढे. जाईना. मी हळू, तोही हळू. वर हॉर्न. असल्या लोकांची मला किळस येते, असं मी हिला मोठ्याने सांगितलंही. हिचा खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला.

पुलाच्या चढावर खट् झालं. काहीतरी उडालं. इंजिन बोंबलतंय आणि गाडी थांबत चाललीय. मागे पाहिलं तर माझी चेन रस्त्यात मरून पडलेली.

रिक्षा थांबली. आमच्याच फाटकाचा रिक्षावाला. मागच्या सीटवर हिची मोठी बॅग.

मी हिला विचारलं, म्हणजे तुझी खात्रीच होती. ती म्हणाली, होती. मग बसलीस कशाला, विचारलं. म्हणाली, आठवडाभर हात काळे करून घेतलेत, मग मागे कोण बसणार? शिवाय मी फाटकापर्यंतच धरून चालले होते, पुलापर्यंत आलो हे पुष्कळ झालं.

रुमाल काढून तिने माझ्या कपाळावरचं ग्रीस पुसलं. रुमाल तसाच काळा पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, गाडी लावा कडेला, रिक्षात बसा, स्टँडवर चला. बस सुटायला अजून बराच वेळ होता. आणि मी काय बोललो, तर गाडी कुणी बघायची!

गाडी! तिला आता कोण नेणार होतं? चेन नाही, क्लिप नाही. भंगारवालासुद्धा थांबला नसता. मी मात्र तिच्याजवळ खांबासारखा उभा राहिलो आणि रिक्षा वळेपर्यंत बघत बसलो. स्टँडवर एका बाकावर आम्ही दोघं बसलो असतो. त्याऐवजी लोखंड ढकलत घरी आलो. स्वतःची आली तेवढी किळस त्या झुरळाचीही आली नव्हती.

घरी आल्यावर मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं. चक्रावर वरची बाजू पुढे जाते, तर खालची मागे. मी क्लिप खालच्या बाजूला बसवली होती. म्हणजे मासा शेपटी पुढे करून धावत होता. खाली आल्यावर दिशा बदलायची काही गरज होती का? ह्यात कंपनीचीही थोडी चूक आहेच.

संध्याकाळ
हिचा फोन आला. पोचली. खोली बरी आहे, नळाला पाणी आहे, खिडकी उघडत नाही. म्हटलं, शनिवारी तू आलीस की परत जाताना मी येतो पाना घेऊन. तिने घाईघाईने सांगितलं, की खिडकी उद्या सुतार बघणार आहे.

जेवलात का, विचारलं. हो म्हणालो. पातेल्यात भात लावला होता. रॉकेलचा वास आला. टाकून दिला. ते सांगितलं नाही.

शनिवारी तिची बस संध्याकाळी येते. न्यायला रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय म्हणाली. मग म्हणाली, तुम्ही त्याच्या रिक्षातच बसून या ना.

बघू म्हणणार होतो. येतो म्हणालो.