वायपर नवे घातले

रविवार, ९ ऑगस्ट

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी आई दिवसभर माझ्या चुका काढते, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलायला लागलो की ती शेजारी उभी राहून मला दुरुस्त करते. पत्रात तिला मधे तोंड घालता येत नाही. अक्षर मोठं आलंय आणि ओळी डोंगर चढताहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन जाड आहे.

मुख्य बातमी अशी की गाडीचे वायपर बदलले. घरी, स्वतःच्या हाताने. तू म्हणाली होतीस ना, "बाबा, वायपरचं निमित्त पुरे झालं, माझ्या नव्या घरी यायचंच नाहीये ते सरळ सांगा." निमित्त नव्हतं गं. त्या दिवशी आम्ही खरंच निघालो होतो. तुझ्या गॅलरीसाठी घेतलेली खुर्ची मागच्या सीटवर दोरीने बांधली होती. अर्ध्या वाटेत पाऊस आला, समोरचं सगळं पुसट झालं आणि मी गाडी वळवली.  

तर गेल्या रविवारी नवी पाती आणली. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "काका, गाडी लावून जा, दोन मिनिटांचं काम आहे." म्हटलं, दोन मिनिटांचंच आहे तर मीच करतो. त्यात अख्खी सकाळ गेली.

वायपरचा दांडा उभा करायचा आणि खाली काचेवर जाड टॉवेल ठेवायचा, नाहीतर दांडा सुटून आपटला की काचेला तडा. तुला मीच शिकवलं होतं. तू टॉवेल म्हणून माझा इस्त्रीचा सदरा अंथरला होतास, आणि वर "मऊ आहे ना!" म्हणून मलाच दटावलं होतंस. पात्याच्या मधोमध एक खटका असतो, तो दाबून पातं खाली ओढलं की निघतं. तो खटका काही केल्या सापडेना. नुसता बोटांनी चाचपडत राहिलो. खिडकीतून आवाज आला, "चष्मा पुसून देऊ का?"

"चष्मा ठीक आहे. खटकेच हल्ली बारीक करतात, मेले."

शेवटी जुनी निघाली, नवी टक् करून बसली. काचेवर बादलीभर पाणी ओतलं, आत बसून वायपर चालू केले. छे! पुसट ते पुसटच. मी दुकानदाराच्या नावाने शंख करायला सुरुवात केली. तुझी आई हात पुसत बाहेर आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, रबरावरचं प्लॅस्टिक कोण काढणार?"

नव्या रबरावर एक पारदर्शक पट्टी असते. मी दोन्ही पाती हातात धरून बसवली, तरी मला ती दिसली नव्हती. तिने सर्रकन ओढून काढली. पुन्हा पाणी ओतलं, वायपर फिरले. ती शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, "बघा, कशी लख्ख झाली काच!"

"हो, झाली की," मी म्हटलं. मला अजून सगळं पुसटच दिसत होतं.

"मग फाटकावर कोण बसलंय सांगा."

शेजारच्यांचं मांजर बसलं होतं म्हणे. मला नुसतं फाटक दिसत होतं, तेही असणार म्हणून.

गेलं वर्षभर ती प्रत्येक चौकात "लाल आहे हं" म्हणते. मला वाटायचं, वयाबरोबर कटकट वाढली. ती माझ्याऐवजी बघत होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोलली नव्हती. दुसऱ्याच दिवशी हात धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन अगदी सोपं असतं म्हणाले. त्यांचं काय जातंय म्हणायला! मी घाबरलोय. आईला सांगू नकोस, तिला कळलेलंच आहे.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. परवा व्हिडिओवर तुला म्हणालो ना, "बारीक झालीस"? ते मी दरवेळी अंदाजाने म्हणतो. तू केस मानेपर्यंत कापलेस, हे मला आईकडून कळलं. तू नंतर तिच्याजवळ रडलीस हेही कळलं. बाबांनी धड बघितलंसुद्धा नाही, घराचा राग अजून गेला नाही, म्हणालीस.

अगं वेडे, राग कसला? एवढ्या लांब घर घेऊ नकोस म्हणालो ते तुझ्यावाचून करमणार नाही म्हणून. ते तोंडाने म्हणता येईना, म्हणून किती किलोमीटर, किती पेट्रोल, असलं काहीतरी बोलत बसलो. बघितलं नाही असं नाही गं. स्क्रीनला नाक लावून बघत होतो. तुझा आवाज येत होता आणि आवाजाच्या जागी एक धुरकट गोळा हलत होता. तुला पुन्हा एकदा सांगायला हवं होतं, नीट दाखव म्हणून. लाज वाटली.

गाडी आता मी चालवणार नाही. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे. तू ये, तू चालव. त्या खुर्चीसकट आम्हा दोघांना तुझ्या घरी घेऊन चल. मी शेजारी बसेन आणि "गिअर बदल, गिअर बदल" करणार नाही, निदान पहिल्या चौकापर्यंत तरी. ऑपरेशनची तारीख अजून घेतलेली नाही. तू कळवशील ती घेईन. डोळ्यावरची पट्टी सुटेल तेव्हा तू समोर हवीस.

फार उशीर लावू नकोस. केस वाढायच्या आत ये.

तुझा,
बाबा