गप्प म्हणजे कबूल

१८ जानेवारी, रविवार

हनियाला शाळेत हिस्टरीचा प्रोजेक्ट मिळालाय — एकोणिसाव्या शतकातल्या एका राणीची लग्नं. राणीचं नाव मारी लुईझ. ऑस्ट्रियाच्या बादशहाची मुलगी, वय अठरा. बापाने लग्न ठरवलं ते नेपोलियनशी, म्हणजे थेट दुश्मनाशी! नवरा मुलगा पॅरिसात, लग्न व्हिएन्नात. मग त्याच्या जागी उभं कोण राहिलं? मुलीचा सख्खा काका. त्याच काकाला नेपोलियनने आदल्या वर्षी लढाईत हरवलं होतं.

"सो वीअर्ड, अम्मी!"

म्हटलं, त्यात वीअर्ड काय? तुझे अब्बा इथे दोह्यात होते, सुट्टी मिळेना. निकाह रत्नागिरीत झाला. त्यांच्या जागी माझे थोरले दीर बसले आणि भावाच्या वतीने कबूल म्हणाले. नवरा मी पहिल्यांदा पाहिला तो दोह्याच्या एअरपोर्टवर, हातात माझ्या नावाची पाटी!

ती बघतच राहिली. "अँड यू? व्हॉट डिड यू से?"

काही नाही. होकार विचारायला निकाहचे वकील आणि साक्षीदार बायकांच्या खोलीत आले. मी ओढणीत मान घालून बसलेली. चाची म्हणाली, "गप हाय म्हणजे कबूल हाय." झालं!

हनिया हसत सुटली. मीही हसले.

२३ जानेवारी, शुक्रवार

फरीज बिन ओमरान भागात माझ्या भावाकडे, भाईजानकडे जेवायला. ताटं उचलायच्या आतच फुजैलभाईजानने अबूबकरचा विषय काढला. कमालला, म्हणजे हनियाच्या अब्बांना, जाऊन चार वर्षं झाली, बिलकिस, आणखी किती दिवस एकटी राहशील, वगैरे.

अबूबकर श्रीवर्धनचा. राहतो अल वक्र्याला, एसीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. बायको वारली, मूलबाळ नाही. मला तो आवडतो. लिहून टाकते, इथे कोण बघतंय! गोष्ट सांगायला लागला की स्वतःच आधी हसतो, त्यामुळे गोष्ट कधी पुरी होत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमचा एसी बसला तेव्हा आला, दुरुस्त केला आणि चहालाही थांबला नाही. "घरात तुम्ही एकट्याच. चहा भाईजानकडे घेईन."

भाईजान म्हणाला, रमजानच्या आधी उरकून टाकू.

"आणि हनिया?"

"पोरीला काय विचारायचा? सांगायचा."

तिला नको असेल तर मी करणार नाही. एवढं माझं पक्कं आहे.

२४ जानेवारी, शनिवार

सांगितलं. गाडीतच सांगितलं, समोरासमोर जमलं नसतं. ओल्ड एअरपोर्टच्या आमच्या गल्लीत वळताना एका दमात बोलून मोकळी झाले. हनिया खिडकीबाहेर बघत होती. एक शब्द नाही. रडली नाही, चिडली नाही, दारही आपटलं नाही. चला, सुटले! भाईजानला फोन केला — हनिया राजी आहे. लगेच तारीख ठरली. १३ फेब्रुवारी, शुक्रवार, असरच्या नमाजनंतर.

खूप दिवसांनी स्वयंपाक करताना गुणगुणत होते.

२९ जानेवारी, गुरुवार

प्रोजेक्टचा पुढचा भाग. नेपोलियन हरला, बेटावर कैदेत पडला. बाईला इटलीत पार्मा नावाचं छोटं राज्य मिळालं. मुलगा मात्र व्हिएन्नात आजोबांकडेच ठेवला. तिच्या दिमतीला एक काउंट दिला होता, नाइपर्ग नावाचा. एक डोळा गेलेला, त्यावर काळी पट्टी. नेपोलियन वारल्यावर काही महिन्यांतच तिने त्याच्याशी गुपचूप लग्न केलं. दोन मुलं आधीच झालेली होती — ही ओळ हनियाने भरभर वाचली आणि मी तौबा केली.

व्हिएन्नातल्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. काउंट मेला तेव्हा कळलं. पुढे बाईने तिसरंही केलं.

मी म्हटलं, "बाईला दम होता!"

हनिया हसली नाही.

२ फेब्रुवारी

कनीजभाभीने माझ्यासाठी गुलाबी कपडा आणला. या वयात गुलाबी! ठेवून घेतला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं बिनसलं.

भाईजानकडची सगळी आली होती. तसनीम भाईजानचीच मुलगी, हनियाहून थोडी मोठी. मनात काही नसताना म्हणाली, "हनिया, तू किती कूल आहेस! मी असते तर हो म्हटलं नसतं."

हनियाने चमचा खाली ठेवला. "आय नेव्हर सेड यस."

"अगं, मी तुला सांगितलं ना गाडीत?"

"यू टोल्ड मी. यू डिडन्ट आस्क."

"पण तू गप्प होतीस!"

"आय वॉज क्वाएट बिकॉज आय वॉज ट्रायिंग नॉट टू क्राय, अम्मी!"

भाईजान खेकसला. मी त्याला हाताने थांबवलं. ओढणीखालची मीच दिसत होते. मीसुद्धा त्याच कारणाने गप्प होते. तोंड उघडलं असतं तर हुंदका बाहेर आला असता, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. कमाल माणूस चांगला निघाला हे माझं नशीब. पण त्या दिवशी मी कबूल नव्हते. हे कधी कुणाला सांगितलं नाही. पोरीला मात्र त्याच मापाने मोजलं!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अबूबकरला फोन करून सगळं सांगितलं. आज हसला नाही. म्हणाला, "तिला नीट विचारा. ती नाय म्हणाली तर नाय. मी भाईजानशी बोलतो, तुम्ही त्यांच्या शिव्या खाऊ नका."

शिव्या मीच खाल्ल्या. लोकांना सांगून झालंय, बिर्याणी सांगितलीय, तोंड कुठे दाखवू!

मग हनियाच्या खोलीत गेले. विचारलं. रीतसर.

"कॅन आय से नो?"

"हो," म्हणाले. मला हे लग्न किती हवंय ते तेव्हा कळलं.

"लेट मी थिंक."

८ फेब्रुवारी

गप्प आहे. यावेळी त्याचा काही अर्थ लावत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

भांडी घासत होते. मागे येऊन उभी राहिली. "ही लाफ्स टू मच."

"हो, ते आहेच."

"डोन्ट कॅन्सल."

"म्हणजे?"

"इट्स अ यस, अम्मी. आय सेड इट. आउट लाउड." आणि माझ्या साबणाच्या हातांसकट मला मिठी मारली. मी रडले. ही मात्र कोरडी!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कुमारिकेचं गप्प राहणं चालतं, विधवेचं नाही. तिने तोंडाने सांगावं लागतं, मौलवींनी आधीच बजावलं होतं. वकील आणि साक्षीदार दाराशी आले. हनिया उठली, "टू मिनिट्स, अंकल," म्हणाली आणि त्यांच्या तोंडावर दार लावलं. माझ्यासमोर बसली. मराठीत — मराठीत! — विचारलं, "अम्मी, तुला हवंय का?"

"हो."

"आणि अब्बांच्या वेळी?"

बाहेर भाईजान खाकरला.

"तेव्हा नाही," मी म्हटलं. "नंतर, हो."

तिने माझी ओढणी सारखी केली आणि दार उघडलं.