रेणूची अँटिबॉडी आणि आमच्या महालक्ष्म्या

२९ ऑगस्ट, लातूर
कुरिअरवाल्यानं डोकं खाल्लं. पाण्याच्या टाकीजवळ म्हणालो तर भलत्याच टाकीखाली जाऊन उभा. शेवटी मीच गेलो. थर्माकोलचा मोठा खोका, आत बर्फाच्या पिशव्या, आणि त्यात करंगळीच्या पेराएवढी बाटली. एवढ्यासाठी एवढा खोका!
नांदेडला विद्यापीठातला रेणूचा विभाग सणाला बंद. मागचं पार्सल तिथं टेबलावर पडून नासलं, म्हणून यंदा पत्ता घरचा. फोनवर म्हणाली, "अण्णा, फ्रिजात खालच्या कप्प्यात. वर बर्फात नका ठेवू. गोठली तर वाया जाऊ शकते." परत परत वदवून घेतलं. बाप हाय का पोरगं मी?

३० ऑगस्ट
लाईट जाते, येते. सारखा फ्रिज उघडून बघतो. ही ओरडते, "उघडून उघडूनच गरम करताव तुम्ही." खरं आहे, पण बसवत नाही.
रेणूनं समजावलेलं लिहून ठेवतो, नाहीतर विसरीन. तिचा अभ्यास तुरीचा. पाऊस ताणला तरी एखादं वाण तग धरतं. झाडाच्या पेशीत आरएनए म्हणून निरोप फिरतात, एक प्रथिन ते निरोप धरून सांभाळतं. ते प्रथिन कुठल्या वाणात किती, हे या बाटलीतल्या अँटिबॉडीनं कळतं. हजारो प्रथिनांत तेवढ्यालाच चिकटते. मी म्हणालो, म्हणजे आमच्या एसटीतला चेकर. भरल्या गाडीत बिनतिकीटवाल्याचाच दंड धरतो. हसली. "हाव अण्णा, तसंच."
ही अँटिबॉडी सशाला ते प्रथिन टोचून त्याच्या रक्तातून काढतात. तो ससा आता नाही. दुसरा ससा, दुसरी बाटली म्हणजे कैक महिने. आणि फेलोशिप दिवाळीला संपते. म्हणजे पोरीची पीएचडीच...
दुपारी हिला सशाचं सांगून बसलो. माझी जीभ!

३१ ऑगस्ट
लक्ष्म्या आल्या. घरभर कुंकवाची पावलं, डबे, पाहुण्या बाया. फ्रिज उघडला तर बाटली नाही.
"कुठं हाय?"
"निवदाच्या पुरणाशेजारी रक्त ठेवू का मी?"
"रक्त न्हाई ते!"
"तुम्हीच म्हणलाव."
"फेकलीस?"
"येडी समजताव का? लेकीची वस्तू हाय. काल सांजच्याला खानभाईकडं ठेवली."
शेजारी धावलो. खानभाभी खुशीत. "फिकर नक्को करो भाईसाब, एकदम ऊपर, बर्फ में रखी मैं." बाटली दगड. त्यात लाईटनं गोठवली, वितळवली, परत गोठवली. भाभींना काय बोलणार? चांगुलपणानंच ठेवली त्यांनी. त्यांच्याच फ्रिजात खाली ठेवून आलो आणि हिच्याशी आरतीपर्यंत भांडलो. लक्ष्म्या बसलेल्या असताना. तेही वाईटच.

१ सप्टेंबर
सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. गिळवेना. रेणूचा फोन. तुरीची रोपं सोडून येता येत नाही म्हणाली. "बाटली ठीक हाय ना अण्णा?"
"हाव," म्हणालो. का म्हणालो?
हिचं म्हणणं, सणात तिच्या जिवाला घोर नको, आणि कुणाला कळतंय. कुणाला कळतंय, हीच तर पंचाईत. बाटली बिघडलेली असली आणि पोरीला ठाऊक नसलं, तर ती तुरीलाच दोष देईल. वर्षानुवर्षांचं काम उलटंच लिहून बसेल.

३ सप्टेंबर, नांदेड
थर्मासात गार पाणी, त्यात पिशवीत बाटली. गाडी अहमदपूरच्या पुढं तापली. ड्रायव्हर नुसता बोनेट उघडून बघत बसला. मी नोकरीत असताना आमच्या डेपोत असं केलं असतं तर शिव्या खाल्ल्या असत्या.
स्टँडवरच रेणूला सगळं सांगितलं. ओरडली नाही. बाटली उजेडात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "आईला काही बोलू नका." मी बोलून बसलेलो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ सप्टेंबर
तुरीचा अर्क पट्टीवर घेऊन त्याला अँटिबॉडी लावायची, चिकटली तर रेघ उमटते. पहिल्या पट्टीवर रेघ नाही, नुसता धूर धरल्यासारखं. अँटिबॉडी मेली, का तुरीचा अर्क बिघडला, सांगता येत नाही म्हणे. तिच्याकडं तेच प्रथिन शुद्ध केलेलं थोडं आहे. त्यावर लावून बघायचं. रेघ उमटली तर बाटली जिवंत. पण ते एकदाच पुरेल एवढंच.
हिचा फोन: "लक्ष्म्यांना सांगितलंय मी." आता सांगून काय उपयोग!

८ सप्टेंबर
आज पट्टी. मला बाहेर बसवलं. "अण्णा, तुमच्या येरझाऱ्यांनी माझं मोजमाप चुकतं." बसलो. बसून तरी काय करणार, पाय हलतातच.
बऱ्याच वेळानं दार उघडलं. "आत या. बघा, काही दिसतं का?"
पट्टीचा फोटो कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर होता, त्यावर वाकलो. फिकट रेघ होती. होती असं वाटलं. म्हणालो, "दिसते. पण मला ती दिसायलाच पाहिजे हाय, म्हणून माझं धरू नको."
"माझंबी तसंच झालंय," म्हणाली.
शेजारच्या खोलीतून कुणाला तरी बोलवायला गेलीय, ज्याला यातलं काहीच माहीत नाही.