वरच्या खणामागची भोकं

सोमवार, ४ मार्च २०१९

लेक येऊन गेली, लिनेट. चार महिन्यांनी. बसली नाही, कोटही काढला नाही. आईचा ड्रेसर आपल्या मुलीला, केल्सीला, द्यायचाय म्हणाली, लग्नाची भेट म्हणून. लग्न अठरा मेला. "नीट करून द्याल का? ईस्टरच्या आत?" देईन म्हटलं. जन्मभर दुसरं केलंय काय मी!

निघताना दारात थांबली. "लग्नाच्या जेवणात केल्सीला तुम्ही घरच्यांच्या टेबलावर हवे आहात. मी अजून हो म्हटलेलं नाही. बघू म्हटलंय." बोलताना माझ्याकडे पाहत नव्हती, शेडकडे पाहत होती.

शेडमध्ये लॅकर रोगणाच्या डब्यांमागे एक व्हिस्कीची बाटली आहे. बायकोला, रीव्हाला, मातीत ठेवून आलो त्याच आठवड्यात आणली. सील तसंच आहे. लिनेटला मी सांगितलेलं नाही. पण तिला माझी नजर वाचता येते, लहानपणापासून येते.

मंगळवार, ५ मार्च

मित्राला, ओडेलला, बोलावून ड्रेसर शेडमध्ये नेला. दोन म्हातारे, नऊ खणांचं धूड. दर चार पावलांवर थांबा.

"हा तुझा फ्रेंच पाहुणा पूर्वी हलका होता की रे," ओडेल म्हणाला.

"पाहुणा तेवढाच आहे. तुझी कंबर गेली."

आमच्या टॉलिव्हर ब्रदर्स कारखान्याचा माल. अडुसष्ट सालचा. वळणदार पाय, नागमोडी कड, पितळी मुठी. कारखान्यात आम्ही त्याला नुसतं 'फ्रेंच' म्हणायचो — आज किती फ्रेंच काढले, उद्या किती. फ्रान्स आमच्यातल्या एकानेही पाहिला नव्हता. नवं कोरं लाकूड घ्यायचं, पॉलिश चढवायचं आणि मग दोनशे वर्षं जुनं दिसावं म्हणून झोडपायचं. कडांवर साखळीचे फटके. टोच्याने किड्याची भोकं, तीन-तीनच्या घोळक्याने. शेवटी ब्रश बोटाने झटकून काळे बारीक ठिपके, माश्या बसून गेल्यासारखे. मी साखळीवर होतो, रीव्हा टोच्या आणि ठिपक्यांवर. मुकादम तिच्याकडे बोट दाखवून नव्या लोकांना म्हणायचा, "शिका. हिचा एक ठिपका चुकीच्या जागी सापडला तर मला दाखवा."

आमचं लग्न ठरलं तेव्हा दोष निघालेल्या मालातून हा घेतला. दोष कुठला, ते आजतागायत सापडलेलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

खण काढले. आत तिचाच वास. थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग कामाला लागलो. ठरवलंय — कारखान्याच्या दारातून निघाला तेव्हा होता तसा करायचा. कारखान्याचा मार ठेवायचा, घरचा मार काढायचा. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही. दुकानदारांना सगळे डाग सारखेच दिसतात, सरसकट घासतात नाहीतर वरून पांढरा रंग फासतात. मला एकेक खूण ओळखू येते. हा साखळीचा. हा इस्त्रीचा, ७९ सालचा. हे अत्तराच्या बाटलीचं वर्तुळ. ही ओळ लिनेटच्या दातांची, तेव्हा तिची उंची वरच्या कडेपर्यंत पोचली होती.

वरच्या मधल्या खणामागे चौकटीची आडवी पट्टी आहे. खण पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. तिथे टोच्याची भोकं, सरळ रेषेत. सोळा. मग थोडी जागा सोडून बारा. अडाणीपणा! किडा काय मोजपट्टी धरून चालतो? आणि असल्या दडलेल्या जागी कोण भोकं पाडतं? कुणीतरी नवखा हात साफ करत असणार. सोळा झाल्यावर जेवणाचा भोंगा वाजला, परत आला आणि जागा चुकली. एवढी वर्षं घरात आहे, पण मी हा खण पूर्ण कधी ओढला नव्हता. खण तिचे, मी हात घालत नसे.

मेणकांडी तापवली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बुजवली, रंग मिळवला, वरून लाकडाच्या रेषा ओढल्या. आता मुकादम दिवा घेऊन आला तरी त्याला सापडायची नाहीत. खूप दिवसांनी हात खूश झाला.

शनिवार, ९ मार्च

मुठी घासल्या. पाऊस.

सोमवार, ११ मार्च

आज तीस वर्षं झाली.

दहा मार्च एकोणनव्वदला मी लिनेटला गाडीत घेऊन निघालो, पिऊन. गाडी ओढ्यात गेली. तिचं उजवं मनगट मोडलं. सोळा वर्षांची होती. दुसऱ्या दिवसापासून मी दारू सोडली. अठराची झाली आणि ती शार्लटला निघून गेली, मनगट वाकडंच जुळलेलं घेऊन. मी सोडल्याचं तिने कधी बोलून दाखवलं नाही. मी तरी कुठल्या तोंडाने दाखवणार.

रीव्हाही बोलायची नाही. फक्त दर अकरा मार्चला जेवणानंतर केळ्याचं पुडिंग असायचं, वर्षातून त्या एकाच दिवशी. मी खायचो. छान झालंय म्हणायचो. ती भांडी घासायला उठायची आणि मग आतल्या खोलीत थोडा वेळ जायची. आज केळी आणून ठेवली. करायचं कसं ते येत नाही.

दुपारी बाटली डब्यांमागून काढून कामाच्या फळीवर ठेवली. बराच वेळ नुसता बसलो. मग परत ठेवली. केल्सीसाठी ठेवली असं लिहिलं असतं, पण खरं म्हणजे ओडेलची गाडी वाजली म्हणून.

शुक्रवार, १५ मार्च

वरचा भाग झाला. आरशासारखा नको होता, तसा नाही केला. ठिपके गेले होते तिथे नवीन टाकायला ब्रश घेतला. कागदावर करून पाहिलं. माझे ठिपके मोठे पडतात, एका जागी साचतात. ती कसं झटकायची ते मला शेजारच्या फळीवरून रोज दिसायचं, पण मी बहुतेक तिच्याकडे बघत होतो, हाताकडे नाही. ठिपके नाही टाकले.

शनिवार, २३ मार्च

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

लिनेट बघायला आली. वरून हात फिरवला — "सुरेख झालंय." तीस वर्षांत तिने माझ्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हटलं. मग डाव्या हाताने वरचा मधला खण ओढला. ओढतच राहिली, पूर्ण बाहेर काढला. वाकून आत पाहिलं. बोटं फिरवली.

"ती भोकं कुठे गेली?"

मी ऐटीत सांगितलं, कुणा शिकाऊ माणसाची घाण होती, बुजवून टाकली. दिसतायत का बघ कुठे.

ती खाली शेडच्या फरशीवरच बसली.

"आईची होती ती. हॉस्पिटलात सांगितलं तिने मला. तुम्ही सोडल्यापासून दर अकरा मार्चला एक. म्हणाली, तुझ्या बापाला सांगू नको, डोक्यात जाईल त्याच्या. एकही वर्ष चुकलेलं नाही म्हणाली. म्हणून तर मागितला मी हा ड्रेसर. केल्सीला ते दाखवायचं होतं. मलाही बघायचं होतं."

मी वाकून पट्टी पाहिली. एकही भोक दिसत नव्हतं.

"मला वाटलं, आतलं तुम्ही कशाला छेडाल," म्हणाली आणि उठून गेली. खण मीच परत बसवला.

चाळीस वर्षं कारागिरी केली मी. माझ्या बायकोचा हात मला ओळखू आला नाही.

रविवार, २४ मार्च

चर्चला गेलो नाही. सकाळच्या उजेडात खण काढून बसलो. सुईने एकेक भोक मोकळं केलं. मेण निघतं, पण जपून काढावं लागतं, नाहीतर भोकाचं तोंड फुटतं. नंतर थिनरने धुतली. काही खोल होती, काही उथळ. शेवटची तीन अगदी उथळ, तिच्या हातात तेव्हा जोरच राहिला नव्हता.

मग मोजली. नव्वदच्या मार्चपासून गेल्या मार्चपर्यंत एकोणतीस व्हायला हवीत. अठ्ठावीस आहेत. सोळा, मग जागा, मग बारा. सोळावं म्हणजे २००५. ती जागा २००६ची.

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. २००६च्या फेब्रुवारीत टॉलिव्हर बंद झालं. आठवड्याने मी कटाबा नदीवर गेलो आणि दिवसभर गाडीत बसून प्यायलो. एकच दिवस. रीव्हाला सांगितलं, ओडेलबरोबर मासे धरायला गेलो होतो. तिने विचारलंही नाही की मासे कुठे आहेत. मला वाटलं, सुटलो.

तिला माहीत होतं. त्या वर्षाची जागा तिने कोरी सोडली. आणि मरताना लेकीला सांगितलं, एकही चुकलेलं नाही.

सोमवार, २५ मार्च

लिनेटला सांगितलं नाही तर तिला कधीच कळणार नाही. मोजून बघेल कोण. घरच्यांच्या टेबलावर बसायला मिळेल.

मंगळवार, २६ मार्च

दिवसभर तेच डोक्यात. ओडेल म्हणतो, "तेरा वर्षांपूर्वीचा एक दिवस. गप्प बस आणि केक खा." त्याला त्या मासेमारीचं आजच कळलं. "माझ्या नावावर प्यायलास, आणि मला घोटही नाही," म्हणाला. मला हसू आलं नाही, त्यालाही नाही.

शनिवार, ३० मार्च

लिनेटला बोलावलं. भोकं दाखवली. तिने एकेकावर बोट ठेवलं, ओठ हलत होते. जागेपाशी थांबली. "हे काय?"

सांगितलं. नदी, गाडी, मासे, सगळं. मग डबे बाजूला करून बाटलीही दाखवली. आता लपवून काय उरलं होतं.

ती मनगट चोळू लागली.

"आई माझ्याशी खोटं बोलली," म्हणाली.

"माझ्यासाठी बोलली."

"ते कळलं मला." गाडीपर्यंत गेली, दार उघडलं, तिथूनच म्हणाली, "त्या बाटलीचं मी काही करणार नाही. तुमची आहे. सहा तारखेला ड्रेसर न्यायला येते." टेबलाचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

रविवार, ३१ मार्च

बाटली मागच्या खडीवर ओतली. वास येऊ नये म्हणून वारा येत होता त्या बाजूला उभा राहिलो, पण आलाच.

शुक्रवार, ५ एप्रिल

सुईने पट्टीवर ओरखडे आले होते, म्हणून आज लॅकरचा एक पातळ हात दिला. शेवटचं काम. बाकी सगळं तयार.

शनिवार, ६ एप्रिल

सकाळी पट्टी पाहिली. लॅकर छान बसलंय, एक जागा सोडून. सोळाव्या आणि सतराव्याच्या मध्ये, त्या कोऱ्या जागी, बारीक गोल डोळा उघडलाय. मला काय ते लगेच कळलं. लॅकर मेणावर बसत नाही, मागे सरतं. तिथे मेण आहे. माझं नव्हे, मी त्या जागेला हातच लावला नव्हता.

तिने त्या मार्चलाही भोक पाडलं होतं. मग केव्हातरी तिला कळलं आणि तिने ते बुजवलं, मलाही दिसणार नाही असं. आणि पुढच्या मार्चला पुन्हा टोच्या उचलला. पुडिंग तर त्याही वर्षी होतं.

लिनेट आली. तिला दाखवलं. ती पट्टीपाशी वाकली. मी सुई पुढे केली — उघडू का?

"नको. आईने बुजवलंय ना, राहू दे."

मग आईचा टोच्या मागितला. मी दिला. तिने तो उजव्या हातात घेतला, वाकड्या हातात.

"बाबा, दिवा धर. तिसावं कुठे घेऊ, दाखव."