शालनवहिनींची सही

१२ ऑक्टोबर, दसरा

रबाळ्याच्या गाळ्यात मशीनची पूजा झाली. झेंडू, आपट्याची पानं, पेढे, सगळं वेळेवर. आणि मग सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे — पहिली प्रिंट कोण मारणार?

ती शालनवहिनींची. नवी स्क्रीन प्रिंटिंग मशीन तयार झाली की पहिली प्रिंट त्यांच्या हातची, मांजरपाटाच्या तुकड्यावर, निळ्या शाईत, त्यांचंच नाव — 'शालन'. मशीनवरच्या पट्टीवरही तेच. तो तुकडा घडी करून मशीनबरोबर जायचा. गिऱ्हाइकं देव्हाऱ्यात ठेवायची.

धंद्यातला माझा जोडीदार जोतीराम आणि वहिनी गुढीपाडव्याला माझ्यापासून वेगळे झाले, तेव्हापासूनचा हा पहिला दसरा. शेवटी तेजसने मारली. शाई एका कोपऱ्यात साचली. "चलता है पप्पा." चिरंजीव इंजिनियर आहेत, त्यांना सगळंच चालतं!

१५ ऑक्टोबर

डोंबिवलीचं एक गिऱ्हाईक मशीन टेम्पोत घालून घेऊन आलं. मोटर गेलेली. माझ्यावरच भडकलं. बघतो तर मशीन जोतीरामने बांधलेली. दिघ्याला एवढासा गाळा घेतलाय त्याने, आणि पट्टीवर तेच नाव, तीच अक्षरं.

फोन केला. म्हणाला, "उदयसिंह, बायकोचं नाव हाय माझ्या. ते लावायला तुला इचारू व्हय?" त्याचंही खरं. पण शिव्या मी खाल्ल्या ना! रागारागात तेजसला म्हणालो, कर काय करायचं ते. तो त्याचीच वाट बघत होता. वकील तयारच होता.

२१ ऑक्टोबर

वकिलाने विचारलं, नाव कुठून आलं? काय सांगणार!

जोतीराम आणि मी एकाच गावचे, साताऱ्याकडचे. पहिली मशीन आम्ही दिघ्याच्या चाळीत बांधली. वहिनी फ्रेमवर जाळी ताणायच्या. तशी ताणणारी बाई मी परत पाहिली नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. जोतीराम रिकाम्या वेळात नाव गिरवायला शिकवायचा. 'शा'चा काना वाकडा, 'न'ची दांडी खाली ओढलेली, पार ओळीच्या बाहेर. ज्या दिवशी एकटीने लिहिलं, त्या दिवशी वहिनी सगळ्या चाळीला दाखवून आल्या. "आता रेशनच्या दुकानात अंगठा न्हाई लावायचा."

मशीनला नाव सुचत नव्हतं. जोतीरामने तोच कागद उचलला आणि जसाच्या तसा जाळीवर उतरवला. झालं नाव.

मग दोन वर्षांपूर्वी तेजसने ते नाव त्या अक्षरांसकट कंपनीचा ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करून घेतलं. कंपनी कागदावर माझी एकट्याची, बँकेला तसं हवं होतं म्हणून. जोतीरामला विचारलं तर चहा पिता पिता म्हणाला, "कर की. तुझं काय न् माझं काय."

वकील खूश झाला. म्हणाला, हे वाक्य फार कामाचं आहे. मी ते सांगायला नको होतं.

२ नोव्हेंबर, दिवाळीचा पाडवा

दिघ्याहून फराळाचा डबा आला नाही. मीही पाठवला नाही.

१८ नोव्हेंबर

जिंकलो. कोर्टाचा तात्पुरता हुकूम मिळाला: शेवटचा निकाल लागेपर्यंत जोतीरामने ते नाव, त्या अक्षरांत, कशावरच काढायचं नाही. त्याच्याकडच्या पट्ट्या आणि फ्रेमा कोर्टाचा माणूस येऊन जप्त करणार. तेजसने गाळ्यात जिलबी वाटली. जुनी माणसं जिलबी हातात धरून नुसती उभी होती. मी खाल्ली. गोड लागली, खोटं कशाला लिहू.

२५ नोव्हेंबर

आज तेजसने नवंच काढलं. वाशीच्या कुठल्याशा पोरांकडून लोगो करून आणलाय. जानेवारीपासून मशीनचं नाव 'स्क्विवा'! सर्दी झालेल्या माणसाला नाव विचारल्यासारखं वाटतं. म्हणे बाहेरच्या देशात 'शालन' चालणार नाही.

मी म्हणालो, "मग ते नाव त्यांना देऊन टाकू. आपल्याला नकोच आहे तर."

"पप्पा, वापरायचं नसलं तरी सोडायचं नसतं. दुसऱ्याला मिळता कामा नये."

माझी बायको वैजयंती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मालक तुम्ही ना? मग सांगा की त्या वकिलाला." म्हणालो, कोर्टाचं काम आहे, तुला नाही कळायचं. तिला चांगलं कळलं होतं. वांग्याची भाजी वाढली आणि परत लाटायला लागली.

२८ नोव्हेंबर

वकिलाचा नंबर लावला. रिंग वाजायच्या आत ठेवला. पोराला तोंडावर पाडल्यासारखं होईल.

३ डिसेंबर

जप्तीसाठी कोर्टाच्या माणसाबरोबर दिघ्याला जाऊन आलो. तेजस म्हणाला, कंपनीतर्फे कोणीतरी हवं, आणि स्वतः लोगोच्या मीटिंगला गेला.

जोतीराम गाळ्याबाहेर उकिडवा बसून होता. उठला नाही. वहिनींनी मात्र खुर्ची पुसून दिली. "बसा भावजी. च्या ठेवते." मी नको म्हणालो. का म्हणालो? तीस वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यालोय!

मशीनवरच्या पट्ट्या उचकटून काढल्या. मग फ्रेमा. एक फ्रेम एकदम जुनी, लाकूड काळं पडलेलं — पहिल्या मशीनची. जोतीरामने ती एवढी वर्षं जपून ठेवली होती, मला माहीतच नव्हतं. कोर्टाच्या माणसाने विचारलं, ही पण? मी मान डोलावली. 'नको' म्हणायला एक शब्द लागत होता.

मग सह्यांची वेळ आली. पुढचं आज लिहवत नाही.

४ डिसेंबर

लिहून टाकतो.

गाळा वहिनींच्या नावावर, म्हणून जप्तीचा कागद सहीला त्यांच्यापुढे ठेवला. पेन माझं. त्या टेकवणार तोच थांबल्या.

"भावजी, आता मी सही काढली तर चालंल का? माझी सही तर तीच हाय."

कोर्टाचा माणूस म्हणाला, "बाई, सहीला कोणी अडवलेलं नाही."

"न्हाई सायेब, नगं. परत भानगड नगं."

त्यांनी माझं पेन मला परत दिलं. शेजारी निळ्या शाईचा डबा उघडा होता. त्यात अंगठा बुडवला आणि कागदावर लावला.