देवश्रीचे ‘नको’ धरू नये

मी, श्रीमती अनसूया केशवराव बेलसरे, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. न्यूझीलंडमध्ये महिनाभर एकटीने मोटारसायकल चालवायला निघाले तेव्हाही ती शाबूतच होती, पण माझा मुलगा सौमित्र हे अजून मान्य करत नाही. त्याने तेव्हा घाईघाईने माझ्याकडून एक मृत्युपत्र करून घेतले होते. मी धडधाकट परत आल्याने त्याची मेहनत वाया गेली. ते मी रद्द करते.

कलम १. अमरावतीचा फ्लॅट सौमित्रला. तो तिथेच राहतो आणि टीव्हीचा रिमोट आताच त्याच्या ताब्यात आहे. माझे हेल्मेटही त्यालाच. आईला “हाडं मोडून घेशीन” म्हणणारा हा माणूस स्वतः बोडक्या डोक्याने गावभर फिरतो.

कलम २. बुलेट सून चारुताला. ही गाडी माझ्या यजमानांची. मी धारणीच्या शाळेत असताना एस.टी.चा भरवसा नसे, म्हणून त्यांनी मला मेळघाटातल्या वळणांवर ती शिकवली, आणि शिकवताना इतके ओरडले की झाडावरची माकडे पळाली. सगळे घर माझ्या न्यूझीलंडला जाण्याविरुद्ध असताना चारुताने गुपचूप माझ्या बॅगेत ठेचा भरला. तो तिकडच्या विमानतळावर काढून घेतला, पण तिची माया मला पोहोचली. सौमित्रने गाडी विकू नये. मागे बसायची त्याला परवानगी आहे.

कलम ३. शेंदूरजनाघाटच्या वडिलांच्या संत्र्याच्या बगीच्यात मला वाटा नाही. हक्कसोडाच्या दिवशी कचेरीत भाऊ महादेवराव यांनी विचारले, “अनसू, तुले काही पाहिजे का?” मी “नको” म्हणाले. आपल्याकडे बहिणीने आधी नकोच म्हणायचे असते आणि भावाने पुन्हा विचारायचे असते. त्यांनी पुन्हा विचारले नाही, पेन पुढे केला. हा राग मी कोणाच्याही नावे करत नाही, तो माझ्यासोबत संपेल. दर हंगामात ते संत्र्यांची पेटी पाठवतात, ती मुलांनी घेत जावी. संत्री गोड असतात.

कलम ४. अकोल्याचे दोन खोल्यांचे घर. माझी मुलगी देवश्री अकोल्यातच भाड्याच्या जागेत शिवणाचा क्लास चालवते. घरमालकाची लहर फिरली की मशिनी उचलून नवी जागा शोधते. तरीही आधीच्या मृत्युपत्रात हे घर सौमित्रला गेले होते, कारण वकिलांनी तिला विचारले आणि ती “नको” म्हणाली. त्यांनी ते तसेच लिहून घेतले.

आता न्यूझीलंडचे सांगते. एका घाटात वाऱ्याने गाडी रेटता रेटेना. दिवसभर पोटात काही नव्हते. मेंढ्या पाळणाऱ्या मार्गारेट नावाच्या बाईंनी घरात घेतले, भोपळ्याचे गरम सूप समोर ठेवून विचारले, “घेणार?” मी अमरावतीच्या सवयीने “नो, थँक यू” म्हटले आणि आग्रहाची वाट पाहत बसले. बाईंनी “बरं” म्हणून भांडे उचलले आणि फ्रिजमध्ये ठेवले! आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात तो हात आडवा धरत असतानाही पोळी पडते. मी तशीच उपाशी झोपले.

सकाळी त्यांचा प्रश्न संपायच्या आत मी “येस” म्हणाले. पाव खाता खाता त्यांना आपली रीत समजावली. त्या खूप हसल्या, मग म्हणाल्या, “पण तुला हवं होतं, तर ते मला कोण सांगणार होतं?” त्यानंतर मी सगळ्याला येस म्हणत गेले. मुरंबा मिळाला, स्वेटर मिळाला, एका कोकराला बाटलीने दूध पाजायला मिळाले. इतकी मजा मी उभ्या आयुष्यात केली नव्हती.

म्हणून अकोल्याचे घर देवश्रीला, एकटीला. तिने नको म्हटले तरी तो नकार समजू नये. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक ॲड. स्वानंद यांनी किल्ली तिच्या हातात ठेवावी आणि चहा मागावा.

हे लिहून झाल्यावर ॲड. स्वानंद म्हणाले, एकदा तिच्याशी बोलून घ्या. त्यांच्या आणि साक्षीदारांसमोर फोन लावला.

“आई, मले काही नको. दादाले दे.”

“पुन्हा विचारून राहिली मी. पाहिजे का?”

“राहू दे ना आई. दादा काय म्हणीन?”

“दादाचं मी पाहून घेईन. तुले पाहिजे का, ते सांग.”

पलीकडे तिने चालती मशीन थांबवली. मी फोन ठेवला नाही. मग रडतच म्हणाली, “पाहिजे. कधीपासून पाहिजे होतं, आई.”

हे ऐकून, वाचून, समजून मी खाली सही करत आहे.

(सही) अनसूया केशवराव बेलसरे

लिहून देणारीने आमच्या समक्ष सही केली आणि तिच्या समक्ष आम्ही केली:
१. (सही) खुशालराव, शेजारी
२. (सही) माया, माजी सहशिक्षिका

अमरावती, दिनांक ११ एप्रिल २०२५